हात वर

सात नंबरच्या प्रेसने सुनेची चार बोटं घेतली, ती जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना. उजव्या हाताची. अंगठा तेवढा ठेवला. प्रेसला पत्रा काय नि बोटं काय, दोन्ही सारखंच. वरचा साचा खाली आला, वर गेला, आणि खाली नव्या कोऱ्या झाकणावर चार बोटं पडलेली, झाकणाच्याच गोलाईने कापलेली.

सून ओरडली असणार. पण त्या शेडमध्ये ओरडून उपयोग नसे. डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या बारा प्रेस एका ओळीत धडधडत, समोरच्या ओळीत झाकणं बसवायची यंत्रं खणखणत, आणि तिथे वीस-बावीस वर्षं काढलेल्या बाईला घरी कुणी दार वाजवलेलंही कळत नसे. म्हणून बायका हातांनी बोलत. नाकाखाली बोट फिरवलं की फोरमन आला, कारण त्याला भल्यामोठ्या मिशा होत्या. करंगळी वर म्हणजे मी जाऊन येते, माझं मशीन बघ. कुणाच्या नवऱ्याने काय दिवे लावले, कुणाची नणंद किती दिवस मुक्काम ठोकून आहे, सगळं हातांनी. पण एक खूण अशी होती की ती चेष्टेत कुणी करत नसे. एक मनगट आवळलेलं आणि तो हात डोक्याच्या वर. म्हणजे हात अडकला. जिला ती खूण दिसेल तिने आधी आपलं मशीन बंद करायचं, मग तसाच हात वर करून पुढचीला दाखवायचं, आणि मगच काय झालं ते बघायला मान वळवायची. जिचा हात गेलाय ती खाली घेत नाही तोवर कुणीही बटण दाबायचं नाही. कंपनीच्या कुठल्याच पाटीवर हे लिहिलेलं नव्हतं. बायकांनीच एकमेकींना शिकवलेलं, पहिल्या दिवशी, पत्रा कसा धरायचा ते शिकवायच्याही आधी.

सुनेने रक्त थांबवायला मनगट आवळलं आणि हात वर धरला. तीन नंबरवर तिची सासू होती. सासूने मशीन बंद केलं, हात वर केला, आणि मान वळवली तेव्हा तिला दिसलं की गेलेला हात आपल्याच घरचा आहे.

ह्या सासूला शेडमध्ये तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे तोफ. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दुसऱ्या नावाचा तिला जास्त अभिमान होता. नवरा लवकर गेला, मुलगा दूरच्या बंदरावर कामाला, घरात ही, सून आणि धाकटी लेक चिमी. तिघीही ह्याच शेडमध्ये.

फोरमनने सुनेला मालाच्या टेम्पोत टाकून दवाखान्यात पाठवलं, पाण्याची नळी आणून सात नंबर धुतली, आणि सुट्टी संपायच्या आत तिथे दुसरी बाई बसवली. बोटं झाकणासकट भंगाराच्या पिंपात गेली. मावशीने पिंपात कोपरापर्यंत हात घालून ती शोधली. पत्र्याच्या कडांनी तिचे हात सोलून निघाले. तीन सापडली. रुमालात बांधून दवाखान्यात नेली तर डॉक्टर म्हणाला, आता ह्यांचा उपयोग नाही. मग तिने ती घरामागे पुरली. चौथं राहिलं ह्याची रुखरुख तिच्या मनातून कधी गेली नाही.

आठ दिवसांनी कंपनीचा कागद आला. चिमीने वाचून दाखवला. कामगाराचा निष्काळजीपणा, कंपनी जबाबदार नाही. कंपनीने हात वर केले होते.

“करणारच,” मावशी म्हणाली. “तिचे दोन्ही शाबूत आहेत.”

निष्काळजी कोण ते सगळ्यांना माहीत होतं. पूर्वी प्रत्येक प्रेसला पुढे लोखंडी जाळी असे. पेडल दाबलं की आधी जाळी खाली यायची, मग साचा. हात मध्ये असला तर जाळी हाताला टेकून थांबायची आणि साचाही वरच राहायचा. पण जाळीमुळे तासाला झाकणं कमी निघतात असं कुणीतरी वर सांगितलं, आणि दोन वर्षांपूर्वी फिटरला बोलावून बाराच्या बारा जाळ्या उतरवल्या. भंगारातसुद्धा टाकल्या नाहीत. अंगणात मॅनेजरच्या गुलाबांना कुंपण म्हणून उभ्या केल्या. गुलाबांना कुणाचा हात लागू नये म्हणून.

मावशी हे जाईल तिथे बोलायला लागली. केबिनसमोर बोलली, गेटवर बोलली, मॅनेजरच्या ड्रायव्हरला थांबवून बोलली. फोरमनच्या अंगाचा तिळपापड झाला. एका सकाळी तो तीन नंबरपाशी आला, तिच्या बऱ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, पुढच्या एक तारखेपासून सात नंबर तुमच्या चिमीकडे. घरातली जागा आहे, घरातच राहू दे.

चिमी तेव्हा पॅकिंगला होती. एकोणीस वर्षांची, लांब बोटांची, डबे असे भराभर रचायची की बघत राहावं. काम सोडावं तर राहायच्या दोन खोल्या कंपनीच्या. नाही म्हटलं की सामान रस्त्यावर. हातात तीन आठवडे होते. तेवढ्यात सात नंबरवर जाळी परत बसवायची, नाहीतर लेकीचे हात त्या साच्याखाली द्यायचे. तिच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही.

युनियन होती, नाही असं नाही. तिचा सेक्रेटरी किडकिडीत, चष्मेवाला, मनाचा चांगला माणूस. दर आठवड्याला गेटवर पत्रकं वाटी आणि तासभर बोले. चौऱ्याऐंशी बायकांत त्याचे सभासद अकरा. बायका घाईने जाता जाता पत्रक घेत आणि चूल पेटवायला वापरत. मावशी त्याच्याकडे गेली. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं आणि भाषण सुरू केलं. तिने ते अर्ध्यात तोडलं.

“हे बघ, तू बोलतोस ते आम्हाला ऐकू येत नाही, आणि तू लिहितोस ते आम्हाला वाचता येत नाही. मग तुझी युनियन करते काय, डास मारते?”

बिचाऱ्याने चष्मा पुसला.

उत्तर सुनेकडे निघालं, आणि तेही चेष्टेत. बायका तिला बघायला येत. सगळ्यांना एकच ऐकायचं असे, कसं झालं ग. पण बहिऱ्या बायकांना किती वेळा ओरडून सांगायचं? एका रविवारी दुपारी सून उठली आणि तिने करूनच दाखवलं. पट्टी बांधलेला हात काखेत दाबला आणि ती फोरमन झाली. पोट पुढे, मिशीला पीळ, पाण्याची नळी धरून प्रेस धुतोय, रक्त धुता धुता स्वतःचे बूट पुसतोय, मग घड्याळ बघतोय आणि पुढच्या बाईला बोटाने बोलावतोय, ये, ये, गरम आहे तोवर बस. बायका हसून हसून लोळल्या. हसता हसता एकीला रडू फुटलं, आणि तिचं बघून सगळ्याच रडायला लागल्या. मावशी दारात उभी राहून बघत होती. तीन वर्षांच्या पत्रकांनी झालं नव्हतं ते हिने पाव तासात केलं होतं, आणि तेही एक शब्द न बोलता.

डब्यांवर चित्रं छापायचं काम करणारा पेंटर त्यांच्याच चाळीत राहायचा. त्याला बोलावलं. त्याने बाद झालेल्या मोठ्या झाकणांना ठोकून तोंडं केली. फोरमनच्या तोंडाला तारेच्या घासणीच्या मिशा, मॅनेजरच्या तोंडाला डोळेच नाहीत, नुसतं नाक. प्रेस कोण होणार? अंगाने भरलेली मावशीच. झाकणं कापून झाल्यावर पत्र्याच्या ज्या भोकाभोकांच्या पट्ट्या उरतात, त्या पेंटरने तिच्या दोन्ही दंडांना आणि कमरेला बांधल्या. ती खोक्यावर उभी राहून हात वर-खाली करायला लागली की सगळा पत्रा खणाणे. सून कामगार झाली. पेंटर फोरमन झाला. चिमीला मावशीने त्यात घेतलं नाही; तिला दूर ठेवायचं होतं.

सुनेने तालमीत एकदा मनगट आवळून हात वर केला, तर मावशी खोक्यावरून खाली उतरली. ती खूण खेळात नाही, म्हणाली. आज बायका त्या खुणेला टाळ्या वाजवतील, आणि उद्या कुणाचा हात खरंच गेला तर टाळ्याच वाजवत बसतील. सुनेने ऐकलं. खेळात ती कापलेला हात फक्त काखेत लपवी.

पहिला खेळ जेवणाच्या सुट्टीत, अंगणात, भंगाराच्या गठ्ठ्यांपाशी झाला. वीसेक बायका होत्या. दुसऱ्या दिवशी साठ. तिसऱ्या दिवशी बायका डबे हातात धरून उभ्या, पण घास कुणी घेत नव्हतं. खेळाच्या शेवटी पेंटर फोरमनच्या तोंडाने समोरच्या बायकांतून एकेकीकडे बोट दाखवत फिरे, आता तू, आता तू, आणि जिच्याकडे बोट येई ती दोन पावलं मागे सरे. एक दिवस एक मागे सरली नाही. मग कुणीच सरेना. त्याच दिवशी सेक्रेटरीने फॉर्म आणले. सुनेने पहिला अंगठा उठवला. “प्रेसने एवढाच ठेवलाय, तो युनियनला,” म्हणाली. आठवडा संपेपर्यंत अकराचे एकाहत्तर झाले. खेळात आपल्याला एक भाषण द्या असं सेक्रेटरीने भीत भीत विचारलं. मावशीने त्याला मॅनेजरचं बिनडोळ्यांचं तोंड घालून उभं केलं आणि गप्प राहायला सांगितलं. त्याने तेही मन लावून केलं.

मग पेंटरला धरलं. भर दुपारी, गेटबाहेरच्या नळावर. चार माणसं टेम्पोतून उतरली. दोघांनी त्याला गुडघ्यांवर बसवलं, एकाने त्याचा उजवा हात नळाच्या दगडावर पसरून धरला, चौथ्याने टेम्पोची चाकं खोलायचा पाना घेतला आणि एकेक बोट ठेचलं. घाई केली नाही. पाणी भरायला आलेल्या बायका भांडी घेऊन तिथेच उभ्या. पाचव्या बोटानंतर त्याने पाना नळाखाली धुतला आणि म्हणाला, काढ आता चित्रं. पेंटर ओरडत नव्हता. त्याच्या तोंडून नुसता हवा सुटल्यासारखा आवाज येत होता. मावशी धावत पोचली तेव्हा हात पिशवीसारखा मऊ झाला होता.

त्या दिवसापासून अंगण बंद. जेवण मशीनपाशीच, खेळ बिळ काही नाही. आणि एक तारीख परवावर आली.

तोफेचा त्या दिवशी धीर सुटला. ती कुणाला न सांगता फोरमनच्या केबिनमध्ये गेली. जिने नवऱ्यासमोर कधी मान वाकवली नाही, तिने फोरमनसमोर वाकवली. म्हणाली, खेळ बंद करते, तोंड बंद करते, पोरीला पॅकिंगलाच राहू दे. फोरमनने ऐकून घेतलं, मिशीवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, तोंड बंद करून काय होतंय, ज्या बायकांनी अंगठे दिले त्यांचे फॉर्म सेक्रेटरीच्या घरून आणून दे. मग पोरीचं बघू. ती उठली आणि बाहेर आली. नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. आणि ह्याच गोष्टीची तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

घरी ती जेवली नाही, बोलली नाही. तोफ गप्प म्हणजे घरात आक्रीतच. सुनेने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा समोर बसून चिमीला दार लावायला सांगितलं. मग मावशीने सगळं सांगितलं, मान खाली घालून. सुनेने हाताचे उरलेले खुंट तिच्यासमोर धरले. म्हणाली, फॉर्म दिलेत तर चिमी पॅकिंगला राहील आणि सातवर दुसऱ्या कुणाची तरी चिमी बसेल. ते चालत असेल तर द्या. मावशीला राग आला तो सून बरोबर बोलली म्हणून.

चिमी दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, मी बसणार सातवर. पण बसेन त्या दिवशी तुम्ही दोघी शेडमध्ये खेळ करा. सगळ्यांसमोर. मला सातवर ठेवून.

असं ठरलं. शेडच्या टोकाला पॅकिंगचं लांब लोखंडी टेबल होतं, तोच मंच. अकरा वाजता फोरमन चहाला मॅनेजरकडे जाई. तेव्हा प्रेसवाल्यांनी पेडलवरून पाय काढून बघायचं, पण मोटरी चालू ठेवायच्या. समोरची यंत्रं आणि डब्यांचा पट्टा चालूच राहील, म्हणजे केबिनमध्ये कळणार नाही. तीन मिनिटांचा खेळ. शेवटी बायकांनी जागेवरून उठायचं नाही, सात नंबरकडे बघत राहायचं, बस्स.

एक तारखेला चिमी सात नंबरवर बसली. दोन तास मावशीने आपल्या प्रेसकडे बघितलंच नाही. तिचे डोळे लेकीच्या हातांवर. पत्रा आत, हात बाहेर, पाय. पत्रा आत, हात बाहेर, पाय. एकदा चिमीचा हात निघायला डोळ्याच्या पापणीएवढा उशीर झाला आणि मावशीच्या तोंडात रक्ताची चव आली. तिने जीभ चावली होती.

अकराला फोरमन बाहेर गेला. मावशी पत्र्याच्या पट्ट्या बांधून टेबलावर चढली, पॅकिंगच्या बायकांत मिसळून आत शिरलेली सून समोर आली. फोरमनचं तोंड आज घालायला कुणी नव्हतं, ते नुसतंच टेबलावर ठेवलं होतं. मावशीने हात वर नेले, खाली आणले. पत्रा खणाणला असेल, कुणाला ऐकू आलं नाही. सुनेने पत्रा आत सरकवल्याची, हात बाहेर काढल्याची नक्कल केली, एकदा, दोनदा. बाकीच्या अकरा प्रेसवरून अकरा तोंडं बघत होती.

कुणीतरी आधीच जाऊन सांगितलं होतं. फोरमन चहाला गेलाच नव्हता. तो मागच्या दाराने आला, आणि त्याच्यामागे ते नळावरचे चौघे, हातात लोखंडी गज. बायकांनी नाकाखाली बोटं फिरवली, पण टेबलावरच्या दोघींची तिकडे पाठ होती. फोरमन टेबलावर चढला, सुनेचं उजवं मनगट त्याने मुठीत पकडलं आणि तिला खाली फेकायला तो हात हिसका देऊन वर ओढला.

आवळलेलं मनगट, डोक्याच्या वर, बोटं नसलेला हात.

मनगट कुणी आवळलंय हे बघायला कुणीच थांबलं नाही. ते बघायचं नसतंच. एक नंबरने मोटर बंद केली आणि हात वर केला. दोन नंबर, तीन नंबर रिकामी, चार. समोरच्या ओळीतली यंत्रं एकामागून एक खणखणत थांबली. पट्टा थांबला, त्याच्यावरचे डबे एकमेकांवर आपटून पडले. ज्यांना टेबल दिसतही नव्हतं त्यांनी पुढचीचा हात बघून हात वर केला. दहा मोजायच्या आत त्या शेडमध्ये आवाज उरला नाही.

अशी शांतता तिथे कुणी ऐकली नव्हती. छतावरची दिव्याची नळी गुणगुणते हे बायकांना त्या दिवशी कळलं. ज्यांना थोडंफार ऐकू येत होतं त्यांना फोरमनचा श्वासही ऐकू आला.

फोरमनने वर बघितलं. ऐंशीच्या वर हात वर होते. नऊ वर्षं तो ह्या शेडमध्ये होता आणि त्याने ही खूण कधी शिकून घेतली नव्हती. त्याला वाटलं, हा कट आहे. त्याला वाटलं, बायका त्याच्यावर हात उगारतायत.

हात खाली करा, तो ओरडला. मशीनं चालू करा. इतकी वर्षं त्याचं ओरडणं मशीनांच्या आवाजात बुडून जायचं. आज ते मोकळं ऐकू आलं आणि आवाज इतका बारीक निघाला की पॅकिंगमधली एक खुदकन हसली.

“चालू होणार नाहीत,” मावशी त्याच्या कानापाशी म्हणाली. “जिचा हात अडकलाय ती खाली घेईपर्यंत चालू करायची नसतात. आणि हात तू धरलायस.”

त्याला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने हात सोडला नाही, मोकळ्या मुठीने सुनेच्या तोंडावर मारलं. दोनदा. तिचं नाक फुटलं, पण तिने हात खाली घेतला नाही. आता तो तिने स्वतःच वर ताठ धरला होता. मग त्याने चौघांना ओरडून सांगितलं, सात नंबर चालू करा, त्या पोरीला बसवा.

ज्याने पेंटरची बोटं ठेचली होती त्यानेच चिमीला केसांना धरून प्रेसपाशी नेलं. मोटरचं बटण दाबलं. चाक फिरायला लागलं. त्याने तिचा हात मनगटाला धरून साच्याकडे ढकलला आणि बूट पेडलकडे नेला. त्याला खरंच दाबायचं होतं की नुसतं घाबरवायचं होतं, हे मावशीने विचारलं नाही. ती टेबलावरून उडी मारून आली, पन्नाशीची जाडजूड बाई, दंडाला पत्र्याच्या पट्ट्या, आणि तिने हात तसाच खाली आणला, खेळातल्यासारखा, त्याच्या तोंडावर. त्या पट्टीला वस्तऱ्यासारखी धार असते. कपाळापासून हनुवटीपर्यंत गाल उघडला. तो डोळा धरून मागे पडला आणि दुसऱ्याने गज मावशीच्या दंडावर घातला. हाड मोडल्याचा आवाज त्या शांततेत सगळ्यांनी ऐकला.

तेव्हा हात खाली आले. पण बटणांकडे गेले नाहीत.

ऐंशी बायका काय करू शकतात ते त्या चौघांना कुणी सांगितलं नव्हतं. स्टुलं आली, तेलाचे डबे आले, झाकणं आली, धारेकडून फेकलेली. एकाचा कान लोंबला. एक पट्ट्याखाली आडवा झाला आणि पॅकिंगच्या बायका त्याला लाथांनी तुडवत राहिल्या, तो गप्प झाल्यावरही. फोरमन टेबलावरून खाली यायला बघत होता. सुनेने डाव्या हाताने त्याच्या मिशा धरल्या आणि त्याचं डोकं लोखंडी कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि चिमीने ओढून काढलं नसतं तर तिसऱ्यांदा आपटलं असतं. पण गज लांब असतो. खुदकन हसलेली ती पॅकिंगवाली डोकं फुटून दारापाशी पडली होती आणि तिच्या नाकातून फेसाळ रक्त येत होतं.

मारामारी दारातून अंगणात गेली. तिथे गुलाबांचं कुंपण. कुणीतरी पहिली जाळी उपटली आणि पुढे धरली. गज जाळीवर आदळला आणि मागे उसळला. मग सगळ्यांनीच उपटल्या. बारा जाळ्या, मातीसकट, मुळांसकट, दोन-दोन बायकांनी एकेक धरलेली. त्या सरळ पुढे चालत गेल्या. उरलेले दोघे आधी मागे सरले, मग पळाले. गेटबाहेरून टेम्पो सुरू झाल्याचं ऐकू आलं. आणखी माणसं आणायला गेला असणार.

फोरमनला आणि पडलेल्या दोघांना बायकांनी ओढून गेटबाहेर टाकलं. फुटक्या डोक्याच्या बाईला गेटवर थांबलेल्या सेक्रेटरीने दोघींच्या मदतीने उचललं आणि दवाखान्याकडे धावत नेलं. भाषण केलं नाही. मग जाळ्या आत आल्या, मागच्या दाराला आतून कडी घातली आणि शटर खाली ओढलं.

फिटर हत्यारांच्या कपाटामागे लपला होता. मावशी मोडका हात पोटाशी धरून त्याच्यासमोर उभी राहिली. मारामारीत ओठ फुटून तिचं तोंड रक्ताने भरलं होतं, त्यामुळे तिला नेहमीसारखं सविस्तर बोलता येईना.

“काढल्या कुणी?”

“मी,” फिटर म्हणाला.

“मग बसव.”

त्याने सात नंबरपासून सुरुवात केली. बोल्ट गंजले होते. तो तेल घालत होता, रडत होता आणि आवळत होता. जाळी बसली तेव्हा मावशीने चिमीला मागे सारलं, स्वतः स्टुलावर बसली, मोटर चालू केली, बरा हात साच्याखाली ठेवला आणि कुणी अडवायच्या आत पेडल दाबलं. जाळी खाली आली, तिच्या मनगटावर टेकली, थांबली. साचा वरच राहिला. तिने आणखी एकदा दाबून बघितलं. मग उठली.

“बस आता,” ती लेकीला म्हणाली.

चिमी बसली नाही. तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता आणि डोक्यावरचे मूठभर केस उपटून गेले होते. “बाकीच्या अकरा बसू देत,” म्हणाली. “मग बसते.”

मावशी तिच्याकडे बघत राहिली. ह्या पोरीच्या दहा बोटांसाठी तिने एवढं सगळं केलं होतं, आणि पोरगी दाखवत होती आठ नंबरकडे. तिला एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. एकच हात चालत होता, त्यामुळे तिने दोन्ही केलं नाही.

बाहेर टेम्पो आले. एक नाही, तीन तरी. पावलं अंगणातून, गुलाबांवरून आली. मग शटरवर पहिला घाव बसला आणि पत्रा आत फुगला. बायका उरलेल्या जाळ्या धरून शटरसमोर ओळीने उभ्या राहिल्या. सून मध्ये, नाकात कापडाचे बोळे. मावशीने पडलेला एक गज पायाने जवळ ओढला आणि डाव्या हातात घेतला. दुसरा घाव बसला. फिटरचा पाना हातातून खाली पडला.

“तिकडे बघू नकोस,” मावशी त्याला म्हणाली. “आठ नंबरचा बोल्ट आवळ.”